वेळ उरला तर मरायचं

आमच्या शेजारच्या खाडीकाठच्या गावात देवीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नाटक होतं. आमची सोसायटी त्या गावाच्या भातखाचरांवर उभी आहे. त्यामुळे गाव आम्हाला अजून पाहुणे समजतं आणि सोसायटी जत्रेला ध्वनिप्रदूषण समजते. सोसायटीतून तालमींना जाणारा माणूस एकच, तो मी. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात मजकूर तपासत मी निवृत्त झालो होतो आणि नाटक लिहिणाऱ्या मास्तरांना शुद्धलेखन तपासून देणारं कोणीतरी हवं होतं. गावानं माझं नाव 'पेपरवाले' ठेवलं. घरोघर पेपर टाकणाऱ्यालाही ते हेच म्हणतात.

नाटकाचे नियम दोन. पहिला पोलिसांचा: रात्री दहाला माइक बंद. दुसरा गावाचा: बाई स्टेजवर चढत नाही. हा दुसरा नियम कोणी केला, केव्हा केला, हे विचारलं की सगळे देवळाकडे बोट दाखवतात. देवळात देवी आहे, म्हणजे तीही बाईच, पण ती नाटकात काम करत नाही.

बायकांची कामं पुरुषच करतात. नायिकेचं काम बरीच वर्षं एकाच व्यक्तीकडे होतं. गाव तेव्हा तिला मुलगा समजत होतं. ती स्टेजवर आली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढायच्या. कोणाची सून कामात कमी पडली तर सासू म्हणायची, "त्या नाटकातल्या पोरीकडनं शिक पदर कसा घ्यायचा." मग तिला कामणजवळच्या एका गोदामात नोकरी लागली, माल रवाना करण्याच्या विभागात. दोन वर्षं ती नाटकात नव्हती. त्या काळात तिनं घरी सांगून टाकलं, केस वाढवले, कागदपत्रांवरचं नाव बदललं. आई काही दिवस बोलली नाही. एके दिवशी कालवणाला बोंबील कमी पडले, ते आणायला सांगण्यासाठी तिला बोलावं लागलं, आणि बोलणं सुरू झालं. भावाशी स्कूटर कुठे लावायची यावरून भांडण होतं, ते पूर्वीसारखंच चालू राहिलं.

यंदा नाटकाच्या बैठकीला ती सलवार-कमीज घालून आली आणि सभामंडपात खांबाला टेकून बसली.

गावात तिला हाक मारण्याची अडचण होती. जुनं नाव घेतलं तर ती वळत नसे. नवं नाव घ्यायला लोकांची जीभ वळत नसे. नाटक समितीचे अध्यक्ष रेती-विटांचे सप्लायर. माणूस धोरणी. त्यांनी तोडगा काढला आणि तिला 'कलाकार' म्हणू लागले.

"तर कलाकार," ते म्हणाले, "तुमी येनार ते आमाला म्हाईत नव्हतं."

"दादा, नाटक आहे म्हटल्यावर मी येणारच. या वर्षी हिरॉइन कोण?"

समितीनं चटईकडे पाहिलं. मग अध्यक्ष म्हणाले, "बाई स्टेजवर चढत नाय. आपली परंपरा हाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "पन ही तर दरसाल चढायची."

"तवाची गोष्ट येगली."

"म्हणजे दादा, तुम्ही मला बाई मानलंत?" तिनं विचारलं.

"मी कुठं मानलं?"

"मग पुरुष मानता? तर पुरुषाला अडवताय कशाला? द्या हिरॉइनचं काम."

अध्यक्षांनी डोकं खाजवलं. ट्रकभर रेतीचा हिशोब ते तोंडी करत, हा जमेना. खांबापलीकडे तिची आई देवीसाठी झेंडूच्या माळा ओवत होती. तिनं सुई बाजूला ठेवली.

"एक काय ते ठरवा," ती म्हणाली, "आनि माइकवर सांगा. माजी पोर बाई हाय म्हनून तिला नाटकात घेत नाय, असं सांगा. ऐकायला मी सगल्या सोयऱ्यांना बलावते."

समितीनं चहा मागवला. समितीचे सगळे अवघड ठराव या पद्धतीनं पुढे ढकलले जातात.

तोड मास्तरांनी काढली. मास्तर निवृत्त शिक्षक. दर वर्षी नाटक तेच लिहितात आणि तेच बसवतात. पुढच्या बैठकीला ते नवं 'सामाजिक' नाटक घेऊन आले. त्यात पुरुष होते, पुरुषांनी करायच्या बायका होत्या आणि पात्रांच्या यादीत शेवटी 'एक तृतीयपंथी' असं होतं. हे काम तिला द्यायचं, म्हणजे परंपराही राहते आणि कलाकारही राहतो, असं मास्तर म्हणाले. समितीला एवढा आनंद झाला की कोणी नाटक वाचलंच नाही. ते मी वाचलं. ते माझं कामच होतं.

नाटकात एक कुटुंब होतं. बापानं थोरल्या लेकराला लहानपणीच घराबाहेर काढलेलं. ते लेकरू पुढे सिग्नलवर टाळी वाजवत पैसे मागतं. धाकट्या भावाची किडनी निकामी होते. थोरलं येतं, किडनी देतं, भावाला आणि वहिनीला आशीर्वाद देतं आणि उंबऱ्यात प्राण सोडतं. मग बाप प्रेतावर पडून भाषण करतो. भाषण पावणेतीन पानांचं होतं. किडनी दिलेला माणूस तिसऱ्या अंकात मरतोच, असं मास्तरांचं वैद्यकशास्त्र होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाईट हेतू नसलेली नाटकं बहुधा लांब असतात.

मला यात नवीन काही वाटलं नाही. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या कथा मी वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. असं पात्र असलेली कथा आली की सुरुवातीला टाळी, मधे आशीर्वाद, शेवटी प्रेत. लेखक बदलत, प्रेत तेच असे. पात्राला नाव क्वचितच दिलेलं असे, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका कमी निघत.

हे मी तिला सांगितलं तेव्हा आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर चहात कडक पाव बुडवून खात होतो.

"मला माहितीये काका," ती म्हणाली. "वसईच्या वाचनालयातून मी अशी सगळी पुस्तकं आणते. आधी शेवटचं पान वाचते. मेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत. तिथल्या बाईंना वाटतं मी खूप फास्ट वाचते."

"आणि मेली नसेल तर?"

"मग ती साधू होते. किंवा लेखकाला काहीतरी शिकवून निघून जाते. इतक्या पुस्तकांत एकीचीही दाढ दुखत नाही, काका. एकीचंही भावाशी स्कूटरवरून भांडण होत नाही. ऑपरेशन झालं का, ते मात्र सगळ्यांना विचारायचं असतं. तुम्हालाही विचारायचंय ना?"

मी म्हटलं, पेपरात असताना विचारलं असतं.

"बरं झालं रिटायर झालात."

तिनं दुसरा पाव चहात बुडवला. मग म्हणाली, "गावाला वाटतं मी नाटकापायी बिघडले. साडी नेसून नेसून. उलटं आहे ते. ज्याला हे सोंग म्हणतात ते सोंग नव्हतंच. नाटक संपलं की मेकअप पुसून शर्ट घालायची आणि घरी जायची, सोंग ते होतं. वर्षभर चालायचं. त्याला कधी कोणी बक्षीस दिलं नाही."

तरीही तिनं काम घेतलं. स्टेज हवं होतं, आणि मिळत होतं ते याच दारातून. अट एकच घातली: मरणार नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही.

तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी टाळीवर गाडी अडली. प्रवेशाला टाळी हवी होती, हाताचे पंजे आडवे धरून वाजवतात ती. तिनं वाजवली. भजनाला वाजवतात तशी वाजली.

"ही नाय," मास्तर म्हणाले. "ती टाळी. तुझी."

"माझी कुठली, मास्तर? ज्यांची आहे त्यांच्यात मी कधी राहिले नाही. त्यांच्यात गुरू असतो, शिस्त असते, सगळं शिकावं लागतं. मी गोदामात बारकोड स्कॅन करते."

"असं काय करते? अशी!" अध्यक्ष उठले आणि त्यांनी वाजवली. सणसणीत वाजली. खजिनदार म्हणाले, हाताचा कोन चुकतोय, आणि त्यांनी वाजवली. मग नाटकातला भाऊ, मग तबलजी, मग पडदा ओढणारे आजोबा. सभामंडप टाळ्यांनी दणाणला. गावातल्या प्रत्येक पुरुषाला ती टाळी बिनचूक येत होती. ती शाळेत जायची तेव्हा तिच्या पाठीमागे वाजवून वाजवून त्यांनी ती पक्की केली होती. येत नव्हती ती फक्त तिला.

ती कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहत राहिली.

"झाली का प्रॅक्टिस?" ती म्हणाली. "एवढी छान येते तर हा रोल तुम्हीच कोणीतरी करा."

हात हळूहळू खाली आले. मास्तरांनी टाळी काढून टाकली. कारण सांगितलं की माइकवर आवाज फाटेल.

नायिकेचं काम यंदा एका टेम्पोवाल्याकडे गेलं होतं. त्यानं मिशी काढली होती आणि तिच्या जागी वारंवार हात नेत होता. त्याला साडी नेसवायला, पदर सांभाळायला, बसताना गुडघे जवळ घ्यायला तीच शिकवायची. म्हणजे बाईचं काम पुरुषानं करायचं, बाईनं ते शिकवायचं, पण करायचं नाही. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. टेम्पोवाल्याच्या बायकोला मात्र वेगळीच काळजी लागली. ती एका संध्याकाळी तालमीला आली आणि हिला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग गं. साडी नेसून ह्यांचं पन तुज्यासारखं होईल काय?"

"वहिनी, पहिल्या वर्षी मला म्हशीचं मागचं अर्धं अंग दिलं होतं. शेपूट आली का मला?"

"नाय."

"दूध देते का मी?"

वहिनी हसत हसत घरी गेली. तरी नाटक होईपर्यंत तिनं नवऱ्याला मिशी वाढवायचं औषध म्हणून एरंडेल लावलं.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात सलग तालीम झाली आणि नाटक लांबल्याचं लक्षात आलं. दहाला माइक बंद झाला तर शेवटचा प्रवेश मुक्यानं करावा लागणार होता. कुठे कापायचं ते मास्तरांनी माझ्यावर सोपवलं. मजकूर जागेत बसत नसेल तर खालून कापायचा, हे वर्तमानपत्रात पहिल्या दिवशी शिकवतात. महत्त्वाचं वर असतं, शेवटचा परिच्छेद गेला तरी बातमी उभी राहते. मी सवयीनं खालून पेन चालवलं. मरण आणि पावणेतीन पानांचं भाषण, दोन्ही गेलं.

"अहो, तुम्ही मरण कापलं!" मास्तर ओरडले.

"जागा नव्हती."

"आणि माजं भाषन?" अध्यक्षांनी विचारलं. बापाचं काम दर वर्षी अध्यक्ष करतात. जनरेटर त्यांचा असतो.

"पण ती मेली नाही तर करणार काय?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्यांनी थोरल्या लेकराचं मरण नीट लिहिलं होतं, पण ते जगलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करेल, याचा विचार केला नव्हता. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही कथालेखकानं केला नव्हता.

"गोदामात जाईन," ती म्हणाली. "पहिली शिफ्ट आहे."

बराच वाद झाला. शेवटी मास्तरांनी निकाल दिला. "वेळ उरला तर मरायचं. नाही उरला तर आशीर्वाद देऊन निघून जायचं. मी विंगेतून खूण करीन."

"निघून का जायचं?"

"मग काय तिथेच राहणार?"



नाटकाच्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलं. नाटकाआधी सत्काराचा कार्यक्रम असतो. सत्कार करणं ही अध्यक्षांची आवड आहे, आणि पुढारी येतात, जातात, बोलतात. एरवी पडद्यामागे नटमंडळी त्यांना शिव्या घालत असतात. यंदा ती एकटी रंगलेल्या तोंडानं पडद्याच्या फटीतून अध्यक्षांना आठवण करून देत होती.

"दादा, मंडपवाल्यांचा राहिला."

"खरंच की."

"दादा, जनरेटरच्या डिझेलवाल्यांचा. दादा, गेल्या वर्षीच्या कबड्डी टीमचा."

शाली संपल्या. पहिल्या सत्कारमूर्तींना घातलेल्या शाली परत मागवून पुढच्यांच्या खांद्यावर टाकल्या. नारळ तर फिरतच होता. कबड्डीच्या टीमनं आळीपाळीनं तोच हातात घेऊन फोटो काढले. मास्तर घड्याळ बघत विंगेत येरझाऱ्या घालत होते. पण त्यांनी चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेले. डाव त्यांच्या लक्षात आला, आणि पडदा उघडण्यापूर्वी त्यांनी सगळ्या नटांना भरभर बोलण्याची ताकीद दिली. नट घाबरून संवाद पळवत सुटले. टेम्पोवाल्यानं प्रेमप्रवेश असा उरकला की जणू मागे हॉर्न वाजत होता. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच नाटक वेळेच्या पुढे चाललं.

तिसऱ्या अंकात घरातली जेवणाची पंगत आहे. या गावात नाटकातलं जेवण खरं असावं लागतं. पुढच्या रांगेला वास आला नाही तर लोक ओरडतात. दर वर्षी एकेका घरातून जेवण येतं, आणि यंदा ते तिच्या आईकडचं होतं: तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण, कांदा. बाप, भाऊ आणि वहिनी पंगतीला बसली. थोरलं लेकरू, म्हणजे ती, उंबऱ्यात येऊन उभी राहिली. भावाला आणि वहिनीला आशीर्वाद दिला. मी विंगेत मास्तरांच्या मागे होतो. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. वेळ उरला होता. त्यांनी हाताचा तळवा आडवा केला आणि खाली दाबला. मर.

तिनं खूण पाहिली. तिनं उंबरा ओलांडला, साडी सावरली आणि पंगतीत बसली.

"वहिनी," ती टेम्पोवाल्याला म्हणाली, "भाकरी हाय काय?"

मास्तरांच्या तोंडून बारीक आवाज आला. टेम्पोवाल्यानं विंगेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जाड्या आवाजात म्हणाला, "हाय ना. बसा, वाढतो." पुढची रांग हसली. त्यानं दुरुस्ती केली, "वाढते."

ती जेवू लागली. पडदा ओढणारे आजोबा दोरी धरून उभे होते. त्यांना मेल्यावर ओढायला सांगितलं होतं आणि कोणी मरत नव्हतं. आता अध्यक्षांचा तोल गेला. त्यांचं भाषण पाठ होतं, तालमीत लोक त्यावर रडले होते, आणि वेळही उरला होता. ते उठले, छातीवर हात ठेवला आणि माइककडे तोंड करून गरजले, "लेकरा! बापाला टाकून कुटं गेलास रे—"

"नाय गेले, बाबा," ती घास चावत म्हणाली. "हितंच हाय. मीठ द्या जरा."

मैदान फुटलं. म्हाताऱ्या एकमेकींना धरून हसत होत्या. अध्यक्ष तसेच उभे, हात छातीवर. पुढचं वाक्य होतं, 'डोळे उघड, लेकरा.' ते म्हणण्यात अर्थ नव्हता. ते खाली वाकले. मिठाची वाटी उचलली. तिच्यापुढे धरली.

"घे गं बाय," ते म्हणाले.

माइक चालू होता. ते वाक्य शेवटच्या खांबावरच्या कर्ण्यातून आमच्या सोसायटीपर्यंत गेलं. हसणं एकदम कमी झालं. पहिल्या रांगेत तिची आई उठून उभी राहिली, सोयऱ्यांकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलं ना सगल्यांनी?"

मग दहा वाजले आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या हवालदारानं हात केला. माइक बंद झाला. आजोबांना अजून खूण मिळाली नव्हती, म्हणून पडदा उघडाच राहिला. ती जेवत राहिली. टेम्पोवाल्यानं आणखी एक भाकरी वाढली. शेवटी अध्यक्षही बसले आणि त्यांनी कांदा फोडला. लोक जाईनात. तीन माणसं आणि एक बाई जेवताहेत, आवाज नाही, आणि गाव बघतंय.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात भांडी मोजून परत करण्याचं काम चाललं होतं. अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते की ते नाटकातलं होतं. नाटकात बाप लेकराला काहीही म्हणतो, त्यावरून समितीचा ठराव होत नाही. ती पहिल्या शिफ्टला गेली होती. तिची आई आपली कालवणाची पातेली शोधत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाटकात नव्हतं ते," ती म्हणाली. "पेपरवाल्यांना इचारा. त्यांनी तपासलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तपासलं होतं. तसं वाक्य नाटकात कुठेही नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

अध्यक्षांनी चहा मागवला.